जनाबाईचा वेश: आजीच्या जुन्या इरकल लुगड्यातून लेकीसाठी नऊवारी शिवायची आहे

निऱ्या
रविवार, २२ जून २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी.

लेक यंदा पहिलीत गेली. शाळेची दिंडी शनिवारी ५ जुलैला आहे, कारण एकादशी ६ तारखेला रविवारी आलीय. बाईंनी वर्गात संतांची नावं वाटून दिली आणि हिच्या वाट्याला जनाबाई आली. घरी आल्यापासून "मी जनी आहे" एवढंच चाललंय.

गेल्या वर्षी वेश भाड्याने आणला होता. चकचकीत सॅटिनची नऊवारी, काठाला कडक जर. तासाभरात पोरीच्या मानेवर आणि कमरेवर लाल चट्टे उठले. पालखी शाळेच्या फाटकापर्यंत पोचायच्या आत ती रडायला लागली. तेव्हाच ठरवलं, पुढचा वेश घरी शिवायचा आणि सुतीच शिवायचा.

घरात माझ्या आजीचं (आईच्या आईचं) एक इरकल लुगडं आहे. गर्द हिरवं, बारीक चौकडीचं, तांबडे काठ, तांबडा पदर. आजी अक्कलकोटकडची. तिने ते रोजच्या वापरात झिजवलं, मग आईने पेटीत ठेवलं, त्याला बरीच वर्षं झाली. नेसायचं म्हटलं तरी आता ते टिकणार नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "पोरीच्या अंगावर दिसेल तर चांगलंच आहे, पण पदराला हात लावायचा नाही." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "राहू दे गं, नकोच." आज परत म्हणतेय बघ काय ते. तिचा जीव त्यात अडकलाय आणि माझाही.

मला उश्यांचे अभ्रे, फ्रॉक, झबली एवढं येतं. मशीन पायाचं आहे, काळं, सासूबाईंचं. लेकीची मापं: उंची ११४ सेंमी, कंबर २१ इंच, सीट २४ इंच, कमरेपासून घोट्यापर्यंत २६ इंच.

विचारायचं हे की एवढं जुनं कापड शिवायला धरवतं का? कुठला भाग घ्यायचा? आणि मुळात कापावं का?

सोलापूरची काकू
सोमवार, २३ जून, सकाळी ६:१५

अगं, कात्री आत्ता हातात घेऊच नकोस. दोन दिवस नुसतं लुगडं बघण्यात घालव.

पेटीतून काढलंस की आधी घडी मोडून सावलीत पसर. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं कापड घडीवरच तुटतं, त्यामुळे झटकू नकोस. काठ-पदराचा रंग जातो का ते बघ: पांढरं फडकं ओलं करून तांबड्या काठावर दाबून धर. तांबडं उतरलं तर पदर नि काठ वेगळे धुवायला लागतील. धुताना रिठ्याचं गार पाणी, पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून पाणी टिपायचं.

मग खिडकीसमोर धर. उजेड जिथून जास्त येतो तिथे कापड विरलंय. रोजच्या वापरातलं लुगडं सगळीकडे सारखं विरत नाही. काष्ट्याची आणि बसायची जागा आधी जाते, घोट्याजवळचा काठ जातो, कमरेला खोचायची जागा जाते. निऱ्यांच्या पोटात जे कापड राहतं ते पुष्कळदा नव्यासारखं असतं. आजीची रोजची नेसण त्या कापडावर उमटलेली तुला दिसेल.

शंका येईल तिथे दोन अंगठ्यांनी उभ्या धाग्यात आणि आडव्या धाग्यात, दोन्हीकडे, बेताने ताणून बघ. चर्र असा बारीक आवाज आला की ती जागा वेशाच्या आसनाला (दोन पायांच्या मधल्या, बसायच्या भागाला) नाही चालणार. वरच्या निऱ्यांना चालेल.

आता पदराचं. इरकल म्हणजे इलकलचं, बागलकोट जिल्ह्यातलं. अंग सुती, पदर रेशमी (काहीत आर्ट सिल्कही असतं). पदराचा ताणा (उभे धागे) आणि अंगाचा ताणा मागावर एकमेकांत फास घालून जोडलेला असतो, त्याला कोंडी म्हणतात. लुगडं उलटं करून बघ, तांबडं जिथे सुरू होतं तिथे आडवी रेघ बोटाला लागेल. तिच्यावर कात्री लागली तर फास सुटतात आणि मग ते सावरत नाही. आईंचा पदर अख्खा ठेवायचाच आहे, तेव्हा त्या रेघेपासून चार बोटं अंगाच्या बाजूला कापायचं आणि त्याच वेळी दुमडून टीप मारायची.

जुनी पेटी
सोमवार, २३ जून, सकाळी ९:०२

माझं मत वेगळं आहे आणि ते मनापासून सांगते. कापू नका.

मी सासूबाईंच्या एका जुन्या रेशमी साडीचा लेकीला परकर-पोलकं शिवला होता. सुरेख झाला. तिने तो दोनदा घातला, वर्षभरात आखूड झाला. आता ती साडीही नाही आणि परकरही कुणाच्या कामाचा नाही. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, पण त्यांच्या खोलीतून कपाटाचं दार बराच वेळ उघडं असल्याचा आवाज येत होता तो मला अजून आठवतो.

न कापता नेसवता येत नाही का? आमच्याकडे लहान मुलींना मोठीच नऊवारी दुहेरी घडी करून नेसवत.

सोलापूरची काकू
सोमवार, २३ जून, दुपारी १:३०

पेटीताई, तुमचं दुःख समजतं. पण नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. सहा वर्षांच्या पोरीच्या कमरेला ते दुहेरी गुंडाळलं तर पोर चालणार कशी? पावसाचे दिवस, शाळेचं ओलं पटांगण, मध्येच लघवीला जायचं. शिवाय पिना लावून नेसवलेलं विरकं कापड पिनेच्या भोकापासून फाटत जातं. नेसवण्याने ते वाचेल असं नाही.

रेशमी साडी चांगली असताना कापणं वेगळं. नेसायला न उरलेलं सुती लुगडं आमच्याकडे पूर्वीपासून बाळाच्या दुपट्यात, झबल्यात, मग गोधडीत जात आलंय. शेवटी त्याचं पोतेरं व्हायचं, पण तोवर घरातल्या सगळ्यांच्या अंगाला लागून गेलेलं असायचं.

गोदाकाठ
सोमवार, २३ जून, रात्री ९:४८

धागा वाचून राहवलं नाही. मी गंगाखेडचा. जनाबाई आमच्या गावची, परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या काठाला तिचं मंदिर आहे. लहानपणापासून कीर्तनात ऐकलेली गोष्ट सांगतो, वेशासाठी उपयोगी पडेल.

जनी नामदेवाच्या घरी राबायची. दळायला विठ्ठल यायचा. एके पहाटे दळून झाल्यावर देव घाईघाईत निघाला आणि आपला शेला नि गळ्यातलं पदक तिथंच विसरून जनीची वाकळ पांघरून राउळात गेला. सकाळी बडव्यांनी बघितलं तर देवाच्या अंगावर फाटकी वाकळ. पदक जनीच्या घरी सापडलं, तिच्यावर चोरीचा आळ आला, तिला सुळावर द्यायला नेलं आणि त्या सुळाचं पाणी झालं. अशी कथा आहे.

म्हणून ताई, माझी एक विनंती. जनाबाईच्या खांद्यावर वाकळ द्या. दुकानातल्या वेशात टाळ देतात, हातात तुळस देतात, पण वाकळ कुणी देत नाही. आणि जनीचा वेश जुन्या लुगड्याचा असणं हेच बरोबर आहे. ती स्वतःला नामयाची दासी म्हणवून घ्यायची. तिच्या अंगावर कोरं कापड कुठून येणार?

ओवी
सोमवार, २३ जून, रात्री १०:१५

वाकळ! अंगावर काटा आला.

पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं जातं दाखवतात, आम्ही दोन वर्षांपूर्वी बघितलं. काळपट दगड, वरची पाळ गुळगुळीत झालेली. लेकीला छोटं जातं करून देणार असाल तर दोन जाड पुठ्ठ्याच्या चकत्या, मध्ये दोऱ्याची रिकामी रीळ आणि खुंट्याला लाटण्याचा तुकडा. आम्ही केलं होतं, फिरतं छान.

निऱ्या
मंगळवार, २४ जून, रात्री ११:३०

गोदाकाठ दादा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने उठून तिने स्वतः पेटी उघडली.

काकू, तुम्ही सांगितलं तसं केलं. दोघींनी लुगडं खिडकीसमोर धरलं. एका टोकापासून सुरुवात केली आणि मध्यावर आल्यावर आई थांबली. तिथे साधारण दीड हात जागा जाळीसारखी झालीय आणि तिच्या कडेला आजीने घातलेला रफू आहे. हिरव्यात हिरवा, पण दोरा थोडा पोपटी. इतका बारीक की बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. आई म्हणाली, ही जागा जात्याची. आजी एक पाय लांब करून दळायला बसायची, तिथे ताण यायचा.

जनाबाईचा वेश आणि जात्याने विरलेलं लुगडं. आम्ही दोघी बराच वेळ तशाच उभ्या होतो.

त्या जागेच्या अलीकडे जवळजवळ तीन मीटर कापड घट्ट आहे. पन्हा (कापडाची रुंदी) ४६ इंच. काठाचा रंग जात नाही, ओल्या फडक्याने दोनदा बघितलं. आई कापू द्यायला तयार आहे. अट दोनच: पदर अख्खा आणि आजीचा रफू अख्खा.

सोलापूरची काकू
बुधवार, २५ जून, पहाटे ५:५०

मग आता लिहून घे. शिवलेल्या नऊवारीचे चार भाग: दोन पाय, पुढच्या निऱ्या, मागचा काष्टा आणि पदर. पदर वेगळाच ठेवायचा, शेवटी सांगते.

काठ खाली घेतलास की खालची दुमड वाचते. काठापासून वर मोज: घोट्याच्या वर बोटभर राहील अशी २५ इंच उंची, २ इंच नेफा (कमरेला इलॅस्टिक ओवायची दुमड) आणि २ इंच वाढीची दुमड. मिळून २९. पन्ह्यातले वरचे १७ इंच उरतात, त्यावर दुसरा काठ आहे. तो काष्ट्याला.

पाय: २३ इंच रुंदीचे दोन तुकडे. बाजूला शिलाई नको, फक्त आतून. आसनाची गोलाई आखायला पोरीचा सैल पायजमा वर ठेव. दोन पाय एकमेकांचे आरसे असायला हवेत, सुलट बाजूला सुलट बाजू ठेवून एकदम काप.

निऱ्या: ३६ इंच लांबीचा तुकडा, तीच उंची. पाच निऱ्या, प्रत्येक तीन इंच खोल. एका निरीला सहा इंच कापड जातं, पाचला तीस, म्हणजे वर सहा इंचांचा पट्टा राहतो. तो कमरेच्या बरोब्बर मध्यावर. निऱ्या वरून चार बोटं टिपून टाक आणि खाली मोकळ्या सोड.

काष्टा: वरच्या काठाचा १४ इंच लांब तुकडा घे. काठ उभा येईल असा धर, त्याच्या बारीक निऱ्या घालून चार इंचांत बसव. काठ सगळ्यात वर दिसला पाहिजे. वरचं टोक मागच्या नेफ्यात, खालचं आसनाच्या शिलाईत.

टीप मोठी ठेव. बारीक टिपेने जुन्या कापडाला पोस्टाच्या तिकिटासारखी भोकं पडतात आणि तिथूनच ते फाटतं. सुई ११ नंबरची, नवी. दोरा सुती. पॉलिस्टरचा दोरा कापडापेक्षा ताकदवान, तो कापडालाच कापतो. कमरेला एक इंची इलॅस्टिक १९ इंच, म्हणजे पोरीला स्वतःचं स्वतः खाली-वर करता येईल.

कापायला सरळ रेघ हवी असेल तर आडवा एक धागा सुईने उचलून ओढून काढ. तो निघाला की तिथे रेघ उमटते, तिच्यावरून काप. नव्या कापडासारखं टर्रकन फाडायला जाऊ नकोस, विरकं कापड वाट सोडतं.

नाशिककर बाबा
बुधवार, २५ जून, सकाळी ८:४०

मुलांच्या वेशाचंही कुणीतरी सांगा. आमचा चिरंजीव वारकरी. घरी आजोबांचं जुनं धोतर आणि माझे कॉलर गेलेले दोन पांढरे सदरे आहेत. मशीन नाही, हातशिलाई येते.

सोलापूरची काकू
बुधवार, २५ जून, दुपारी २:०५

सदऱ्याची बंडी हाताने होते. कॉलर आणि बाह्या उसवून टाका (कापू नका, उसवा, कापड वाचतं). मुलाची एक बंडी वर ठेवून बाजू आत घ्या, बगलेत दोन बोटं जास्त सोडा. सदऱ्याची पुढची बटणपट्टी आहे तशीच राहू द्या, तयार काज-बटणं मिळतात. उसवलेल्या बाहीची उरेप (तिरकी कापलेली) पट्टी काढून गळ्याला आणि मुंढ्याला फिरवा. उलट टीप हाताने घातलीत तर मशीनइतकी पक्की होते.

धोतर मात्र शिवू नका. चार वर्षांच्या पुढच्या मुलाला धोतर नेसवता येतं, फक्त आत चड्डी आणि वरून कमरेला नाडी. लांबी मोठी वाटली तर दुहेरी घ्या.

स्टुटगार्टहून
बुधवार, २५ जून, रात्री ११:१०

इकडे आम्ही मराठी कुटुंबं एका बागेत जमून मुलांची छोटी दिंडी काढतो. माझ्याकडे आजीचं लुगडं नाही. गेल्या खेपेस मी सोलापुरी चादरीच्या आधी वापरत होते त्या जुन्या चौकडीच्या सुती पलंगपोसाची नऊवारी शिवली होती. काठ म्हणून एका फाटलेल्या ओढणीची कड कापून लावली. चौकडी असली की लांबून लुगडंच वाटतं. फक्त पलंगपोस जाड असतो, निऱ्या तीनच घाला, पाच घातल्या तर पोट पुढे आल्यासारखं दिसतं.

मोगरा
गुरुवार, २६ जून, दुपारी १२:२०

पोलक्यासाठी खण वापरा ना. आईचं जुनं खणाचं पोलकं असेलच. त्यावर नथ, ठुशी, अंबाडा. गोड दिसेल.

गोदाकाठ
गुरुवार, २६ जून, दुपारी १:०५

मोगराताई, खण चालेल. पण नथ-ठुशी नको वाटतं. जनी दागिन्यांची नव्हती. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, बस. केस मोकळे सोडले तरी चालतील. माझा हट्ट समजा हवं तर, पण आमच्या गावच्या बाईला मी सोन्यात बघू शकत नाही.

मोगरा
गुरुवार, २६ जून, दुपारी १:२०

पटलं. माळच हवी.

निऱ्या
रविवार, २९ जून, रात्री ९:५५

काकू, मोठा घोटाळा झालाय. रडू येतंय लिहिताना.

काल सगळं कापलं. पहिला धागा आईने ओढला आणि कात्रीही तिनेच चालवली. मी नुसतं कापड धरलं होतं. पाय, निऱ्या, काष्टा सगळं तुमच्या मापाने. संध्याकाळपर्यंत शिवून झालं आणि ती उभी राहिली तेव्हा आईने तिच्या कपाळाला कुंकू लावलं, इतकी छान दिसत होती.

आज जात्याची तालीम. ओवीताईंनी सांगितलेलं पुठ्ठ्याचं जातं केलंय. ती खाली बसली, एक पाय लांब केला, खुंट्याला हात घातला आणि मागून चर्र झालं. आसनाच्या मागच्या बाजूला पाच इंच फाटलं. टीप शाबूत आहे, कापड टिपेच्या शेजारून गेलं. लेक घाबरून उठली आणि म्हणाली, "पणजीचं फाडलं मी." तिला समजावता समजावता माझेच हातपाय गळाले.

आईला अजून दाखवलेलं नाही.

सोलापूरची काकू
रविवार, २९ जून, रात्री १०:२०

पोरीला आधी सांग, तिची चूक नाही. आणि तुझीही नाही.

एक सांग, आखायला पायजमा कसला ठेवला होतास? होजिअरीचा का?

निऱ्या
रविवार, २९ जून, रात्री १०:२६

हो, रात्रीचा होजिअरीचा. सैलच आहे तिला.

सोलापूरची काकू
रविवार, २९ जून, रात्री १०:५०

तिथेच झालं. चूक माझी, सुती पायजमा म्हणायला हवं होतं. होजिअरी ताणली जाते, म्हणून तिचं आसन आखूड कापलेलं असतं. तेच माप मागावरच्या, न ताणणाऱ्या सुती कापडाला घेतलं की मांडी घालताना द्यायला कापडात काही उरत नाही. सुती कापडाचं आसन सीटच्या निम्मं तरी हवं, तुझ्या लेकीला बारा इंच. तुझं आठ-नऊ आलं असणार.

नवीन कापायची गरज नाही. कळी घाल, म्हणजे आसनात वेगळा तुकडा जोड. घरातलं घट्ट पण मऊ सुती कापड घे, ६ इंचांचा चौकोन. पायांची आतली शिलाई आसनाच्या मध्यापासून दोन्हीकडे पाच-पाच इंच उसव. आसनाची उभी शिलाई उसवायची नाही. जी फट तयार होईल तिच्यात चौकोन तिरका बसव: एक टोक डाव्या पायाकडे, एक उजव्या पायाकडे, एक पुढच्या शिलाईवर, एक मागच्या. चारही बाजूंना अर्धा इंच शिलाईत. टोकाला आलीस की सुई कापडात ठेवून दाब उचल आणि वळव.

फाटलेल्या जागी आधी आतून अस्तर लाव. फाटीच्या भोवती तीन बोटं मोठा तुकडा, धावदोऱ्याने चारही बाजूंनी, मग फाटीवर आडवे-उभे टाके. दोरा ओढून घट्ट करू नकोस, नाहीतर तिथे चुणी येते आणि परत ताण पडतो.

आणि आईंना दाखव. रफूची जागा माहीत असलेली बाई आहे ती, तिला यात काही नवीन नाही.

जुनी पेटी
रविवार, २९ जून, रात्री ११:१५

निऱ्याताई, मी कापू नका म्हणणारी. आता मीच सांगते, कळी घाला आणि पुढे चला. पोरीचं "पणजीचं फाडलं मी" वाचून जीव कळवळला. तिच्या मनात ते राहता कामा नये. तिच्या हातून एक तरी टाका घालून घ्या त्या जागी.

निऱ्या
गुरुवार, ३ जुलै, रात्री ११:४०

झालं!

आईला दाखवलं. तिने चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "सुई कुठली घेतेस?" एवढंच. मग रफू तिनेच घातला. रफू घालताना मध्येच थांबून म्हणाली, "माझ्या आईचा हात असाच डावीकडून उजवीकडे जायचा." मी तिला आजपर्यंत रफू करताना कधी बघितलंच नव्हतं.

कळीला माझ्या वडिलांच्या जुन्या सदऱ्याची पाठ घेतली. पांढऱ्यात बारीक निळी रेघ. बाहेरून दिसत नाही, काष्टा पडतो वर. पेटीताई, लेकीने तीन टाके घातले, कळीच्या आत, लाल दोऱ्याने. रंग तिनेच निवडला. परत जात्याशी बसवून बघितलं, उठवलं, बसवलं, दहा वेळा. काही हललं नाही.

वाकळ ३६ बाय २८ इंचांची केली, दोनच थर, म्हणजे खांद्याला जड होणार नाही. खालचा थर वडिलांच्या जुन्या लुंगीचा. वर तुकडे: आईचं खणाचं पोलकं (पाठीची जागा विरली होती, बाह्या चांगल्या होत्या), लेकीचं झबलं, माझ्या शाळेच्या परकराची पट्टी आणि लुगड्यातून उरलेली चौकडी. धावदोरा कडेपासून सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी मध्यापर्यंत नेला, आई जसा गोधडीला नेते तसा. कापड जमिनीवर अंथरून, कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, डबा ठेवून. दोन रात्री लागल्या. बोटांना सुई टोचून टोचून भोकं पडलीत.

पदर कापला नाही. कोंडीची रेघ सापडली, तिच्यापासून चार बोटं सोडली. वेशाच्या पदरासाठी अंगाचाच दीड मीटर तुकडा घेतला, काठ दोन्हीकडे आलेच. काकू, तो कसा अडकवायचा तेवढं राहिलं.

सोलापूरची काकू
शुक्रवार, ४ जुलै, सकाळी ६:०५

टिचबटणं. दोन उजव्या कमरेला नेफ्यावर, एक डाव्या खांद्याला पोलक्यावर. सेफ्टी पिन अजिबात नको, गर्दीत उघडली तर पोरीला लागेल. पदर पुढून डाव्या खांद्यावर घेऊन मागे टाक आणि टोक पाठीवरून उजवीकडे आणून कमरेत खोच, म्हणजे दळताना खाली लोंबत नाही. डोक्यावरून घेणार असशील तर केसांत अडकवायला पदराच्या आतून एक छोटा कापडी फास शिव, त्यातून आकडा घालता येतो.

उद्या पाऊस आहे म्हणतात. सुती आहे, भिजलं तरी पटकन वाळेल. खळ घालू नकोस, ओली झाली की चिकटते.

निऱ्या
शनिवार, ५ जुलै, रात्री ८:३०

दिंडी झाली. सकाळी भुरभुर पाऊस होता, पताका ओल्या, टाळ वाजवणाऱ्या मुलांचे सदरे अंगाला चिकटलेले. जनाबाई तासभर चालली आणि एकदाही कंबर खाजवली नाही. पटांगणात मध्यभागी जातं ठेवलं होतं. बसली, पाय लांब केला, दळलं. विठोबा झालेला वर्गातला मुलगा शेजारी बसून खुंटा धरायचा होता, तो लाजून उभाच राहिला. मग हिने स्वतःच्या खांद्यावरची वाकळ काढून त्याच्या खांद्यावर टाकली. हे आम्ही शिकवलेलं नव्हतं, गोष्ट मात्र सांगितली होती. गोदाकाठ दादा, तुमच्या गावची गोष्ट.

माझी आई कोपऱ्यात छत्री धरून उभी होती. तिने पदर डोळ्यांना लावला.

गोदाकाठ
शनिवार, ५ जुलै, रात्री ८:५०

ताई, आमच्या आईला फोन लावून वाचून दाखवलं. रामकृष्णहरी.

ओवी
शनिवार, ५ जुलै, रात्री ९:१०

विठोबाला वाकळ मिळाली! लेकीला माझ्याकडून पापा.

नाशिककर बाबा
शनिवार, ५ जुलै, रात्री ९:४०

बंडी जमली, उलट टिपेसकट. आजोबांनी धोतर स्वतः नेसवलं. काकू, तुमचे उपकार.

एक शंका: निऱ्याताई, उरलेल्या लुगड्याचं काय करणार? आमच्याकडे धोतर उरलंय म्हणून विचारतो.

निऱ्या
रविवार, ६ जुलै, सकाळी ७:२०

आज एकादशी. वेश धुऊन दोरीवर वाळत घातलाय, लेक त्याखालीच खेळतेय.

पदर आणि रफूची जागा आईने परत पेटीत ठेवली, या वेळी घडी न घालता गुंडाळून, आत जुना मलमलचा तुकडा घालून. डांबराच्या गोळ्या काढून टाकल्या, कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवलाय. घट्ट असलेलं मीटरभर कापड उरलं, ते कळ्यांना आणि ठिगळांना बाजूला काढलंय. तुमच्या धोतरातूनही तेवढं काढून ठेवा, दादा. पोरं बसताना फाडतातच.

काकू, वाढीच्या दुमडीची टीप मी मुद्दाम पांढऱ्या दोऱ्याने घातलीय. बाकी सगळी हिरव्या. पुढच्या वर्षी उसवायला बसेन तेव्हा शोधावी लागणार नाही.